हत्तीमागून चालताना

बसा. पाठ टेकवा.

श्वास येतो आहे, जातो आहे. त्याला येऊ द्या, जाऊ द्या.

आता एक रस्ता डोळ्यांसमोर आणा. गर्दीचा. कडेला मोटार उभी आहे. आत एक वृद्ध गृहस्थ बसलेत. मुलगी खरेदीसाठी खाली उतरली आहे.

रस्त्यावरून हत्ती येतो.

थांबा. त्याच्याकडे पाहा. एवढा मोठा देह, आणि पाऊल किती अलगद. उचललं. टेकलं.

गृहस्थ मोटारीतून उतरतात. हत्तीमागून चालू लागतात.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या सिनेमातलं हे चित्र. सिनेमा २०१३ सालचा. गृहस्थ आहेत चक्रपाणी शास्त्री, संस्कृतचे गाढे पंडित. त्यांना अल्झायमर आहे. ती भूमिका करणारे मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ.

एवढी माहिती पुरे. पुन्हा पावलांकडे या.

मुलगी परत येते. मोटार रिकामी.

इथे थोडं थांबा. ज्यांच्या घरात असं माणूस आहे, त्यांना ही रिकामी जागा ठाऊक आहे. दाराला वरची कडी. खिशात पत्त्याची चिठ्ठी. रात्री जरा खुट्ट झालं की जाग.

ती जाग आत्ता छातीत असेल, तर असू द्या. श्वास तिच्या शेजारून जाऊ द्या.

हा आजार आधी ताज्या गोष्टी नेतो. सकाळचा चहा. आत्ताच विचारलेला प्रश्न. लहानपणी पाठ केलेलं मात्र पुष्कळदा मागे राहतं.

हत्तीबरोबर एक बाई आहे. चन्नम्मा, माहुताची बायको. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

शास्त्रीबुवा तिला आई म्हणतात. ती आई होते.

हे जरा मनात मुरू द्या.

मुलीजवळ वडिलांचं सगळं पूर्वायुष्य आहे. चन्नम्माजवळ फक्त समोरचा माणूस.

म्हणून मुलगी उणी ठरत नाही. चन्नम्माला हे सोपं जातं, कारण तिचं काही हरवलेलं नाही. मुलीचे वडील रोज थोडे हरवताहेत. सिनेमा दोघींनाही जागा देतो. म्हणूनच तो मला खरा वाटतो.

आता तुमचं माणूस डोळ्यांसमोर आणा.

ते पूर्वी कसे होते, हे आठवेल. गळा दाटेल. दाटू द्या.

मग सावकाश त्यांच्या हाताकडे पाहा. आजच्या हाताकडे. वर आलेल्या शिरा. वाढलेली नखं. चादरीची कड चाळवणारी बोटं.

बोटं चालताहेत. पाहत राहा.

श्वास येतो आहे. जातो आहे.

“मला ओळखलंत का?” हा प्रश्न आपण किती वेळा विचारतो. आपल्याला वाटतं, ही माया. त्यांच्यासाठी ती परीक्षा असते, आणि रोज नापास व्हायचं असतं. चन्नम्माला तो प्रश्न पडायचं कारणच नाही.

आज त्यांच्या खोलीत जाल, तेव्हा तो विचारू नका. आपलं नाव आपणच सांगा, आणि शेजारी बसा.