मन लागत नाही तेव्हा

दत्तजयंतीच्या सप्ताहात पारायणाला बसणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी दरवर्षी एक प्रश्न हळूच विचारतो. चारचौघांत विचारायची लाज वाटते, म्हणून चपला घालता घालता विचारतो. पोथी वाचतो, आरतीला उभा राहतो, पण मन लागत नाही. आतून उदास वाटतं, कशात राम वाटत नाही. मग असं केलेलं देवाला पोचतं का? की हे नुसतं ढोंग झालं?

मी प्रवचनकार नाही. बी.कॉम. झालो, बँकेत कारकून म्हणून लागलो आणि बारामती-इंदापूर भागातल्या शाखांत नोकरी करून निवृत्त झालो. शास्त्रार्थ सांगण्याचा मला अधिकार नाही. पण हा प्रश्न माझाही होऊन गेलेला आहे, म्हणून चार शब्द लिहितो.

आधी एक गैरसमज बाजूला करू. "देवाचं एवढं करता, तरी तोंड उतरलेलं कसं?" असं लोक म्हणतात. म्हणजे भक्ती ही जणू विम्याची पॉलिसी. हप्ता भरला की दुःख येता कामा नये! पण आपल्या पोथ्या काय सांगतात बघा. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा. हातातून धनुष्य गळालेलं, तोंडाला कोरड. आणि आपलं गुरुचरित्र तरी कुठून सुरू होतं? नामधारकापासून. हा चिंतेने गांजलेला माणूस गुरूंच्या दर्शनाचा ध्यास घेऊन गाणगापूरच्या वाटेला लागतो. त्याचं मन शांत असतं तर तो निघालाच नसता. वाटेत तो गुरूंना बोलही लावतो. सेवा घेऊन मग द्यायचं, हे कसलं दातृत्व, मेघ जमिनीकडून काही न घेताच पाऊस पाडतो ना, असं तो भांडतो. थकून झोपतो, तेव्हा त्याला स्वप्नात दर्शन होतं आणि पुढे सिद्धमुनी भेटतात. आपण ज्या ग्रंथाचं सात दिवस पारायण करतो, तो एका उदास माणसाच्या चालण्याने सुरू झालेला आहे. त्याने घरी बसून मन प्रसन्न व्हायची वाट पाहिली असती, तर पुढचे अध्याय कोणाला सांगायचे होते?

हीच गोष्ट फार सविस्तर पाहायची असेल तर तुकोबांकडे जावं लागतं. त्यांची पालखी दरवर्षी आपल्या दारावरून जाते. बारामती, सणसर, इंदापूर, सराटी असे मुक्काम करत ती नीरा ओलांडते. काटेवाडीला मेंढ्या पालखीभोवती धावतात, बेलवाडीला अश्वाचं रिंगण होतं. आपण दर्शन घेतो, पायावर डोकं ठेवतो. पण त्या माणसावर काय गुजरलं होतं, याचा विचार दर्शनाच्या रांगेत होत नाही.

आईवडील आधीच गेले होते. मग इसवी सन १६३० च्या सुमाराचा मोठा दुष्काळ आला. दुकानदारीचं दिवाळं वाजलं, मान गेला. पहिली बायको अन्न अन्न करत गेली. मुलगाही गेला, असं चरित्रकार सांगतात. या सगळ्याबद्दल तुकोबांनी स्वतःच एका अभंगात लिहून ठेवलं आहे, आणि त्यात आपण काय केलं याचा क्रमही दिला आहे. मला तो क्रम महत्त्वाचा वाटतो, कारण आम्हा कारकुनांना नोंद कोणत्या तारखेची हे आधी बघायची सवय.

ते म्हणतात, संसाराचा वीट आला, आणि देवाचं देऊळ मोडकळीला आलं होतं ते नीट करावं असं चित्तात आलं. म्हणजे पहिलं काम देवळाच्या दुरुस्तीचं. दगड, माती, पाणी. ध्यान नाही, समाधी नाही. मग एकादशीला कीर्तन सुरू केलं. तेव्हाही अभ्यासात चित्त नव्हतं, हे त्यांनी स्पष्ट कबूल केलं आहे. मग संतांची काही वचनं आदराने पाठ केली. पुढे गाणारा कोणी गात असेल तर मागे उभं राहून धृपद धरलं. शरीर कष्टवून जमेल तसा दुसऱ्याच्या उपयोगी पडलो, असंही ते सांगतात. गुरूंचा स्वप्नातला उपदेश त्यानंतर, आणि कवित्व त्याच्याही नंतर. ज्या अभंगांवर आज सगळा महाराष्ट्र जगतो, ते या यादीत शेवटी आले. सुरुवातीला होतं ते गवंडीकाम आणि दुसऱ्याच्या मागे धृपद धरणं.

(जाता जाता: कर्जखतांच्या वाटण्या करून धाकट्या भावाचा, कान्होबांचा, हिस्सा त्यांनी त्याला दिला आणि आपला हिस्सा इंद्रायणीत सोडला, अशी कथा आहे. बँकेत असताना ही कथा ऐकली की आमचे साहेब हसायचे. पण भावाच्या हिश्शाला हात लावला नाही, हा हिशेब किती चोख आहे बघा.)

आता मूळ प्रश्न. मन नसताना धृपद धरणं हे ढोंग का? मला वाटतं, ढोंग ही गोष्ट दुसऱ्याला दाखवण्यासाठी असते. मनात नाही ते आहे असं लोकांना भासवायचं, त्यातून काहीतरी मिळवायचं, ते ढोंग. पण रात्रभर जागलेली आई सकाळी रडणाऱ्या पोराला दूध पाजते, तेव्हा तिचं मन प्रसन्न असतं थोडंच? एसटीचा ड्रायव्हर घरात भांडण झालं म्हणून इंदापूरची गाडी बारामती स्टँडवर उभी ठेवत नाही. त्यांना आपण ढोंगी म्हणत नाही. मग उदास मनाने निरांजन लावणाऱ्याला ढोंगी का म्हणायचं? उलट मन साथ देत असताना केलेल्या पूजेत थोडी आपली मौजही असते. मन साथ देत नसताना केलेली पूजा निव्वळ दिलेला शब्द पाळण्यासाठी असते. दोन्हींत मोठी कोणती, हे मी ठरवत नाही. पण दुसरी खोटी नाही, एवढं मी खात्रीने म्हणतो.

आमची ही गेली त्याला आता काही वर्षं झाली. दिवस झाले, पाहुणे गेले, आणि घरात भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला. सकाळी उठावंसं वाटायचं नाही. देवघरासमोर बसलो तरी हात तसेच राहायचे. अशा वेळी आपल्या रीतिभाती किती शहाण्या आहेत ते कळलं. दुखवटा काढतात ना! नातलग जेवायला बोलावतात, कपडे देतात, देवदर्शनाला नेतात. तेव्हा घास गोड लागत नाही, नवा सदरा अंगाला टोचतो. तरी बसवतातच. पूर्वी मला हा नुसता उपचार वाटायचा. आता वाटतं, ज्याने ही रीत घातली त्याला माहीत होतं, की या माणसाचं मन आज तयार नाही आणि आपोआप कधीच तयार होणार नाही. म्हणून आधी त्याला उंबऱ्याबाहेर काढा.

मग मी माझ्यापुरतं ठरवलं. सकाळी नीरा डाव्या कालव्याच्या कडेने चालायचं. एकोणिसाव्या शतकात दुष्काळावर उपाय म्हणून काढलेला हा कालवा अजून वाहतोय, हे बघूनही बरं वाटतं. चालताना मूड आहे का हे मनाला विचारायचं नाही. वारकरी पहाटे उठून दिंडीत उभा राहतो, तेव्हा आज चालावंसं वाटतंय का असं कोण विचारतं? बाकीची कामंही साधीच. देवाची भांडी चिंचेने घासायची. एक कुंडी, एक तुळस. रोज एकाला फोन, आणि तो आपण करायचा. हिवाळ्यात एकदा भिगवणकडे उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला जायचं, किंवा नीरा-नरसिंहपूरला जाऊन संगमावर बसून यायचं. आणि नोव्हेंबर महिन्यात पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचे फॉर्म भरून द्यायचे. हे माझं आवडतं काम. कोणाला चष्म्यातून बारीक अक्षर दिसत नाही, कोणाचा अंगठा मशीन घेत नाही, कोणी नॉमिनी काय म्हणून विचारतो. दुपारपर्यंत दहाबारा जण होतात, आणि घरी येताना लक्षात येतं, की सकाळपासून स्वतःचा विचारच आला नाही.

उदासीचं कारण शोधत बसायचा नाद मात्र मी सोडला. कधी कारण असतं, कधी नसतंच. बँकेत ज्या रकमेचा मेळ लगेच लागत नाही ती उचंत खात्यात टाकतात, आणि दिवसाचं काम पुढे चालू ठेवतात. ती रक्कम नाहीशी होत नाही, विसरायचीही नसते. पण तिच्यासाठी काउंटर बंद करत नाहीत.

अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, ती कथा भागवताच्या अकराव्या स्कंधात आहे. तिथे अवधूताचं नाव नाही, पण आपण परंपरेने त्यांना दत्तप्रभूच मानतो. नाथांनी त्यावर मराठीत विस्ताराने लिहिलं, आणि नाथांचे गुरू जनार्दनस्वामी दत्तभक्त होते. या चोवीसांत विदेहनगरीची पिंगला वेश्याही आहे. ती नटूनथटून दारात उभी राहते. हा येईल, तो येईल, म्हणून रात्र सरत जाते. आत जाते, बाहेर येते. मध्यरात्र होते. शेवटी ती वाट पाहणंच सोडते आणि शांत झोपी जाते.

तरुणपणी ही कथा ऐकली तेव्हा ती माझ्यासाठी नाही असं वाटलं होतं. आता या वयात वाटतं, आपल्यापैकी निम्मे लोक पिंगलेसारखेच दारात उभे आहेत. दाराच्या जागी मोबाईल आला एवढंच. पुण्याहून मुलाचा फोन येईल, अमेरिकेतून नातवाचा व्हिडिओ येईल. उशाशी ठेवायचा, उचलून बघायचा, परत ठेवायचा. पोरं वाईट नसतात, त्यांना त्यांचे व्याप असतात. पण आपली संध्याकाळ कोणाच्या तरी आठवणीवर टांगून ठेवली की ती लोंबकळतच राहते. पिंगलेने लोकांवर प्रेम करायचं सोडलं असा अर्थ मी घेत नाही. तिने आपलं सुख दुसऱ्याच्या येण्यावर ठेवायचं सोडलं. नातवाचा फोन आला तर आनंदच आहे. नाही आला तरी सातची आरती सातलाच.

एक मात्र नीट सांगितलं पाहिजे. वर जे लिहिलं ते रोजच्या उदासीबद्दल. आमचे इंदापूरकडचे एक जुने सहकारी महिनाभर घराबाहेर पडले नाहीत. जेवण तुटलं, झोप तुटली, जगण्यात अर्थ नाही असं बोलायला लागले. लोक म्हणाले, नामस्मरण वाढवा. मुलगा शहाणा, तो डॉक्टरांकडे घेऊन गेला. औषधं सुरू झाली आणि काही आठवड्यांनी अण्णा परत पारावर दिसू लागले. गुडघा दुखला तर आपण गोळी घेतो, तेव्हा श्रद्धा कमी पडली असं कोणी म्हणत नाही. दोन आठवडे झाले तरी उदासी हलत नसेल, तर तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. त्या उपचारातही मन बरं व्हायची वाट न बघता रोजची छोटी कामं ठरवून करायला लावण्याची एक पद्धत आहे, हे ऐकून मला तुकोबांचं देऊळ आठवलं. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर आहे. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

चोवीस गुरूंत एक कपोतही आहे. बायको-पिलं जाळ्यात अडकलेली बघून तो दुःखाने स्वतःच जाळ्यात जाऊन पडला. अवधूताने त्याला गुरू केलं, ते असं करू नये हे शिकण्यासाठी. ज्याचं असं काही गेलं आहे, त्याला एकट्याला जाळ्याकडे बघत बसू देऊ नये, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांचं काम आहे.

मंदिराच्या पायरीवर हे बोलणं चाललं होतं, तेव्हा एकांनी मला अडवलं. म्हणाले, "चालण्याने, भांडी घासण्याने, फॉर्म भरण्यानेच बरं वाटत असेल, तर यात देवाचं काय राहिलं हो?" प्रश्न चुकीचा नाही. मी एवढंच म्हणालो, की घरी ठरवलेलं काम मी आज मोडू शकतो, विचारणारं कोणी नाही. इथे घंटा वाजते. माझा मूड बघून काकडआरती उशिरा होत नाही. आणि नामधारकही चालायला लागला तो कोणाच्या तरी दिशेने, उगाच नव्हे. ते हसले, म्हणाले, "पटलं असं नाही, पण उद्या येतो."

ते आले. यंदा सप्ताहात पहाटे फुलं निवडायला आणि महाप्रसादाच्या दिवशी पत्रावळी मांडायला माणसं कमीच आहेत. मन लागत नसेल त्यांनी मुद्दाम यावं, पाचला देऊळ उघडतं.