उंचीचे मोल कोणी द्यावे?

विरार पूर्वेला, जीवदानीच्या डोंगराच्या पायथ्याशी, पापडखिंड धरणाच्या परिसरात वसलेल्या फुलपाड्यात अलीकडे उंच केलेल्या जीपगाड्या वारंवार आमच्या पाहण्यात येतात. मूळ बांधणीपेक्षा दोन-तीन इंच वर उचललेली, रुंद टायरांची, मोठी रुबाबदार अशी ही वाहने. वडीलधारी मंडळी त्यांच्याकडे पाहून 'पोरांचा शौक' म्हणतात आणि मान फिरवतात. आम्हांला मात्र या शौकाच्या पोटात एक जुनाच नैतिक प्रश्न दडलेला दिसतो. माणूस स्वतःला, किंवा स्वतःचे म्हणून जे काही असेल त्याला, वर उचलतो. तेव्हा त्या उंचीचे मोल नेमके कोण चुकते करतो?

'शौक' हा शब्दही पुरता न्याय्य नाही. ज्याने वसई-विरारचा पावसाळा अंगावर घेतला आहे, त्याला उंचीची ओढ समजावून सांगावी लागत नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यास रुळांवर पाणी चढले, पश्चिम रेल्वेची वाहतूक खुंटली, आणि आपल्या तालुक्यातील कित्येक वस्त्यांतून माणसे गुडघाभर, कमरेभर पाण्यातून वाट काढत होती. त्या दिवसांत ज्याची दुचाकी बुडाली, ज्याच्या मोटारीच्या इंजिनात पाणी शिरले, त्याच्या मनात 'पुढची गाडी उंच हवी' हा विचार आला असेल, तर त्याला दोष कोण देईल?

परंतु यंत्राचे स्वतःचे एक शास्त्र असते आणि ते आपल्या इच्छेला भीक घालत नाही. पुढच्या चाकाला दोन कामे एकाच वेळी करावयाची असतात: इंजिनाची शक्ती घेऊन फिरायचे आणि चालकाच्या हुकमाप्रमाणे वळायचे. फिरणारा दांडा वाकवावा कसा, हा प्रश्न माणसाला फार जुना. सतराव्या शतकात रॉबर्ट हूक यांनी दोन दांडे कोनात जोडणाऱ्या फुलीच्या सांध्याचा अभ्यास केला. पण त्या सांध्यात एक खोड होती. एक दांडा समान गतीने फिरला तरी दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा झपाटतो आणि दोनदा रेंगाळतो. कोन जितका मोठा तितका हा हिसका मोठा. विसाव्या शतकात, १९२० च्या दशकात, आल्फ्रेड झेपा नावाच्या अभियंत्याने त्यावर सुंदर तोड काढली. त्याने दोन वाट्यांच्या खाचांमध्ये सहा पोलादी गोळ्या अशा बसविल्या की, दांडे कसेही वाकले तरी त्या गोळ्या नेहमी कोनाच्या बरोबर मध्यावर राहाव्यात. दोन्ही बाजूंना सारखे अंतर राखणाऱ्या या गोळ्यांमुळे गती कमी-जास्त होत नाही. म्हणूनच त्याला समगती सांधा म्हणतात. गॅरेजमध्ये त्याचेच नाव 'सीव्ही जॉइंट'. १९५९ च्या इंग्लंडमधील 'मिनी' मोटारीने या जातीचा सांधा घरोघरी नेला आणि आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने. तोवरच्या ॲम्बॅसडर आणि पद्मिनी मागच्या चाकांवर धावत असल्यामुळे आपल्या मेस्त्र्यांचा या सांध्याशी फारसा परिचय नव्हता.

हा सांधा पोलादाचा असला तरी मोठा नाजूक. त्यास काळे, मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस सतत हवे, आणि धुळीचा कणही नको. म्हणून त्याच्यावर रबराचा एक चुणीदार कोश चढवितात. हार्मोनियमच्या भात्यासारखा हा कोश सांध्याबरोबर वाकतो, फिरतो, ताणतो, आखडतो. मेकॅनिक त्याला 'बूट' म्हणतात. सांध्याची किंमत हजारांत, बुटाची काही शेकड्यांत. पण स्वस्त बूट फाटला की महाग सांधा मरणपंथास लागतो. फिरण्याच्या वेगाने ग्रीस बाहेर उडते, आत पाणी आणि रेती शिरते. मग एके दिवशी वळण घेताना चाकाकडून 'कट्-कट्' असा आवाज येऊ लागतो. तो कानी आला, म्हणजे बहुधा वेळ टळून गेलेली असते.

आता उंचीचा संबंध ध्यानात येईल. जुन्या विलीज जीपला पुढे सबंध आडवा आस असे. गाडी वर उचलली तरी आसाच्या पोटातील दांडा सरळच राही. परंतु ज्या गाड्यांची पुढची चाके स्वतंत्रपणे खाली-वर होतात, त्यांत दांडा गाडीच्या पोटातून निघून चाकाकडे जातो. पोट वर गेले आणि चाक जमिनीवरच राहिले, की दांडा उतरता होतो. काही जीपगाड्यांत स्प्रिंगऐवजी 'टॉर्शन बार' म्हणजे पीळ झेलणारी पोलादी कांब असते. तिच्या टोकाचा बोल्ट आवळला की गाडीचे नाक वर येते. नवा सुटा भाग लागत नाही, खर्चही जवळजवळ नाही. उंची फुकट मिळाली असे वाटते. परंतु कारखान्याने जो कोन सांध्याला कधीमधी, वळणापुरता, सोसावयास दिला होता, त्यातला मोठा भाग आता सरळ रस्त्यावरही, अहोरात्र, सोसावा लागतो. बुटाच्या चुण्या एका बाजूस ताणलेल्या आणि दुसऱ्या बाजूस एकमेकींवर घासत राहतात. कोणाच्या दृष्टीस न पडणाऱ्या जागी, रबराची एक वीतभर पिशवी त्या उंचीचे हप्ते फेडीत असते.

फुलपाड्यातील आमच्या ओळखीच्या एका घरी हा प्रसंग नुकताच घडला. वडील एस.टी.च्या आगारातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. मुलगा खाजगी नोकरीत. मुलाने जुनी जीप घेतली, बोल्ट आवळून ती उंच केली, आणि वर्ष-दीड वर्षात डाव्या चाकाचा बाहेरचा बूट फाटला. दोघांनी तो घरीच, अंगणात बदलावयाचे ठरविले. आम्ही त्या दिवशी आजारी आजींना भेटण्यास गेलो होतो. ते काम पाहत बराच वेळ तेथेच रेंगाळलो. "फादर, ग्रीस कुठं उडालंय ते बघा, म्हणजे बूट कुठं फाटला ते न पाहताच कळेल," असे वडील म्हणाले. चाकाच्या आतल्या अंगास काळ्या ठिपक्यांची एक कमानच उमटली होती.

आम्हांस विशेष वाटले ते त्यांच्या पहिल्या आज्ञेचे. मुलगा जॅकवर गाडी उचलून लगेच खाली सरकू पाहत होता. वडिलांनी त्याचा दंड धरला. "आधी घोडी लाव, मग पाना हातात घे. जॅक उचलायला असतो, पेलायला नाही." उंच गाडीला जॅकही अधिक वर न्यावा लागतो, त्याचा तोल अधिक कच्चा असतो, आणि अंगणातील माती काँक्रीटसारखी टणक नसते. लोखंडी घोडी चौकटीखाली ठेवून, तिच्याखाली जाड फळी सरकवून, मागच्या चाकांना दगडांची उटी लावून, गाडीला हाताने हलवून पाहिल्यावरच त्यांनी मुलास खाली जाऊ दिले. पैसे वाचविण्यासाठी घरी दुरुस्ती करणारे तरुण आमच्या धर्मग्रामात पुष्कळ आहेत. त्यांनी इतर काही विसरले तरी चालेल, घोडी विसरू नये.

पुढचे काम संथ आणि मळके. चाकाच्या मधोमध असलेला मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केलेला होता. चाक काढले, खालचा बॉल जॉइंट सोडविला, दांडा बाहेर ओढला, जुना बूट कापून टाकला. मग रॉकेलात बुडविलेल्या फडक्याने सांधा स्वच्छ करून एकेक गोळी उजेडात फिरवून पाहिली. गोळीवर खड्डे किंवा खाचेत ओरखडा असता, तर नवा बूट चढविणे म्हणजे कुजलेल्या जखमेवर पट्टी बांधणे ठरले असते. सुदैवाने सांधा धड होता. बाजारात चिरलेला, कडांना डिंक लावून जोडावयाचा बूटही मिळतो. त्यास दांडा काढावा लागत नाही. मुलाने तो सुचविला होता. वडिलांनी मान हलविली नाही. एस.टी.च्या बसगाड्या मागच्या चाकांवर चालतात, त्यामुळे असा बूट त्यांच्याही हाताखालून फारसा गेला नव्हता. तरी डिंकाचा जोड तेल-ग्रीसमध्ये किती दिवस तग धरील, हे त्यांस कोणी शिकवावयास नको होते.

तासाभराने बूट बसला, पट्ट्या आवळल्या गेल्या. आणि तेव्हा वडिलांनी जो प्रश्न विचारला, तो आम्हांस सेमिनरीतील नीतिशास्त्राच्या वर्गात परत घेऊन गेला. "बूट बदलला, कोन तोच. मग पुढच्या वर्षी परत बसायचं का आपण इथं?"

संत तोमास अक्विनास यांनी तेराव्या शतकात स्वसंरक्षणाची चर्चा करताना एक भेद दाखविला होता: एकाच कृतीचे दोन परिणाम असू शकतात, एक हेतूतला आणि एक हेतूबाहेरचा. पुढील नीतिशास्त्रज्ञांनी त्यातून 'दुहेरी परिणामाचे तत्त्व' बांधले. कृती मुळात वाईट नसावी. वाईट परिणाम आपल्याला हवा नसावा. चांगला परिणाम वाईटाच्या मार्गाने साधू नये. आणि जे मिळते ते जे बिघडते त्याच्या मानाने पुरेसे मोठे असावे. मुलाला बूट फाडावयाचा नव्हता, उंची हवी होती. पण पहिल्या वेळी जे अजाणता घडले, ते दुसऱ्या वेळी जाणून-बुजून घडते. फाटणार हे ठाऊक असताना केवळ 'माझा तसा हेतू नव्हता' हे समर्थन पुरत नाही. पापनिवेदनाच्या पेटीत बसणाऱ्या धर्मगुरूस हे दुखणे चांगले परिचित असते. चूक सांगितली जाते, प्रायश्चित्त घेतले जाते, आणि ज्या कोनातून ती चूक पुन्हा पुन्हा उद्भवते तो कोन जसाच्या तसा ठेवून माणूस घरी जातो.

तथापि येथे आम्ही थोडे थांबतो, कारण मुलाच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. दरवर्षी बूट बदलण्याचा खर्च व श्रम जर तो स्वतःच सोसणार असेल, तर त्यात अनीती ती कोणती? आपल्या हौशीची किंमत आपल्याच घामाने भरणारा माणूस आम्हांस, ती दुसऱ्यावर ढकलणाऱ्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो. कायद्याची गोष्ट वेगळी: १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलात फेरफार करण्यास मनाई करते, २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले, आणि कायद्याला धाब्यावर बसवून नीतीच्या गप्पा मारणे आम्हांस शोभणार नाही. तरीही कायदा पाळल्याने हा प्रश्न संपत नाही. कारखान्यातूनच उंच येणाऱ्या गाड्या आता कमी नाहीत.

खरी अडचण अंगणाच्या बाहेर आहे. त्यांच्या घरापासून थोड्या अंतरावर सखल गल्लीत बैठ्या खोल्यांची एक चाळ आहे. मुसळधार पाऊस लागला की तेथे पाणी उंबऱ्याशी येऊन थबकते. बायामाणसे दारात फळी आडवी लावून, सिमेंटच्या गोणपाटांत माती भरून रात्र काढतात. लहान मोटारी त्या पाण्यात शिरत नाहीत. उंच जीप मात्र शिरू शकते, म्हणून शिरते. तिच्या चाकांपुढे जी लाट उठते ती फळीवरून आत, चुलीपर्यंत जाते. जीपमधला कोरडा राहतो. वाहन चालविणाऱ्याच्या मनात कोणाचेही वाईट नसते. त्याला आपल्या आजींसाठी औषध आणावयाचे असते, किंवा नुसते घरी पोहोचावयाचे असते. येथे उंचीचे मोल रबराच्या बुटाने दिलेले नाही. ते अशा कोणी दिले आहे, ज्याला कोणी विचारलेच नव्हते.

आणि हे जीपवाल्यांपुरते कोठे आहे? रस्त्यावर थरावर थर चढतात, रस्ता जोत्याच्या वर जातो. ज्याला ऐपत आहे तो भराव टाकून जोते उंचावतो. त्याच्या अंगणातून हटलेले पाणी ज्याला ऐपत नाही त्याच्या खोलीत जाते. नवी इमारत पाणथळ जागा भरून उभी राहते आणि तिच्या वाहनतळाची फरशी शेजारच्या वाडीहून हातभर उंच असते. प्रत्येकाचे वैयक्तिक कारण चोख असते. आम्ही लग्नाच्या, नामकरणाच्या, घर-आशीर्वादाच्या निमित्ताने अशा अनेक उंच जोत्यांवर उभे राहिलो आहोत. यजमान कौतुकाने सांगतो, 'फादर, आता आम्हांला पाण्याची भीती नाही.' खाली गल्लीत कोणाला आहे, हे तेथून दिसते. पाहावयाचे मात्र राहून जाते.

त्या कुटुंबात पुढे काय झाले ते सांगून हे लिखाण थांबवितो. मुलाने टॉर्शन बारचा बोल्ट काही फेरे सैल केला आणि गाडी खाली आणली. पुरती मूळ उंचीवर नाही, सुमारे इंचभर वरच ठेवली. वडिलांचे म्हणणे, तो इंचही उतरवावा. मुलाचे म्हणणे, तेवढा इंच रेल्वे स्थानकाच्या वाटेवर लागतोच. चाळीच्या गल्लीतून पाणी असताना जीप न्यावयाची नाही, लांबच्या रस्त्याने वळसा घालावयाचा, यावर मात्र दोघांचे एकमत झाले आहे. त्या वळशाने पंधरा-वीस मिनिटे अधिक लागतात, आणि डिझेलही.