तिचा हक, आपल्या हाती अमानत

अल्लाहची स्तुती आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर दरूद व सलाम.



सूरह अन-निसाच्या आरंभी अनाथांच्या मालाविषयी जी ताकीद आली आहे, ती आपण जुमाच्या बयानात अनेकदा ऐकली आहे. अनाथाचा माल अन्यायाने खाणारे आपल्या पोटात आगच भरतात, असा तिचा आशय आहे (4:10). त्याआधीच्या सहाव्या आयतीत रीतही शिकवली आहे. त्यांची समज पारखत राहा, समज दिसली की माल त्यांच्या स्वाधीन करा, ते मोठे होतील या धास्तीने तो घाईघाईने उडवू नका आणि सोपवताना साक्षीदार ठेवा. दुर्बळाच्या मालाशी कसे वागावे, याचा हा धडा आहे. आज याच धड्याच्या प्रकाशात आपण अशा एका रकमेचा विचार करू, जिच्याविषयी मिंबरवरून सहसा कोणी बोलत नाही. ती म्हणजे अत्याचार सोसलेल्या स्त्रीला मिळणारी भरपाई.

मला मराठी वाचता-लिहिता येते, म्हणून मोहल्ल्यातील लोक सरकारी कागद घेऊन माझ्याकडे येतात. एकदा असरनंतर एक माता असाच कागद घेऊन हुजऱ्यात आली. तिची तरुण मुलगी बाहेर पायरीवर बसली होती. कागद भरपाईच्या अर्जाचा होता. मातेने विचारले, हा पैसा आम्हाला जायज आहे का? लोक म्हणतात, ही अब्रूची किंमत झाली. मी तिला उत्तर देण्याआधी मुलीला आत बोलावले आणि पहिलाच प्रश्न केला, ‘नेमके काय झाले?’ मुलीने ओढणी तोंडावर ओढली. ती एक शब्दही बोलली नाही. दोघी उठून गेल्या आणि कित्येक आठवडे परतल्या नाहीत. अर्ज भरण्यासाठी मला त्या उत्तराची गरज नव्हती. जे सांगायचे ते तिने पोलिसांना आणि डॉक्टरांना सांगून झाले होते. माझ्या प्रश्नाने तिला पुन्हा त्याच ठिकाणी नेऊन उभे केले. ही माझी चूक होती आणि मी अल्लाहकडे तिची क्षमा मागितली आहे. प्रसंग ओळखू येऊ नये म्हणून गाव आणि वर्ष सांगत नाही. तीही अमानतच आहे.

आता त्या मातेच्या प्रश्नाकडे येऊ. सूरह अन-नूरमध्ये (24:33) ज्या दासींना बळजबरीने दुराचाराला लावले जाई, त्यांच्यासाठी अल्लाहने आपल्या क्षमेचे आणि दयेचे आश्वासन दिले आहे. तिर्मिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत एक हदीस आहे. नमाजसाठी घराबाहेर पडलेल्या एका स्त्रीवर वाटेत एका पुरुषाने बळजबरी केली. प्रेषितांनी (स.) तिला दोषी धरले नाही, अल्लाहच्या क्षमेची ग्वाही देऊन तिला जाऊ दिले. इमाम मालिक (रह.) यांनी ‘मुवत्ता’मध्ये खलिफा अब्दुल मलिक बिन मरवान यांचा निवाडा नोंदवला आहे. त्यानुसार बळजबरी करणाऱ्याने त्या स्त्रीला तिच्या महरइतकी रक्कम द्यायची होती. या रकमेच्या तपशिलाबाबत फुकहांमध्ये मतभेद आहेत. परंतु बळजबरी झालेल्या स्त्रीवर गुन्ह्याचा भार नाही, यात मतभेद नाही. तेव्हा ही भरपाई अब्रूची किंमत नव्हे. अब्रू गुन्हेगाराची गेली आहे, तिची नाही. भरपाई म्हणजे झालेल्या हानीची अल्पशी दखल होय आणि ती घेणे तिचा हक आहे.

आपल्या राज्यात यासाठी ‘मनोधैर्य’ योजना आहे. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि अॅसिड हल्ल्यातील पीडितांसाठी ती 2 ऑक्टोबर 2013 पासून सुरू झाली. पुढे ती सुधारण्यात आली आणि मदतीची कमाल मर्यादा 10 लाख रुपये झाली. हे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरण पाहते. स्त्रिया आणि बालकांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, तेथे वकील मोफत मिळतो. विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक 15100 आहे. गुन्हेगार सापडला नाही तरी पीडितेला भरपाई मागता येते. घरातच मारहाण आणि छळ सोसणाऱ्या स्त्रीला 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार खर्च आणि नुकसानभरपाई मागता येते. पीडित 18 वर्षांखालील असेल, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने घटनेची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. त्यातून इमामही सुटत नाही.

रक्कम मंजूर झाली की खरी परीक्षा सुरू होते. आपला बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत घराला झोप नसते. घरात पैसा येणार म्हटले की पहिला विचार उचल फेडण्याचा होतो, दुसरा मुलीचे लग्न उरकून टाकण्याचा. बापाची अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. परंतु उचल बापाने घेतली होती आणि जखम मुलीला झाली. एकाचे कर्ज दुसऱ्याच्या जखमेतून फेडता येत नाही. महरविषयी अल्लाहने सांगितले आहे की, स्त्रीने आपल्या खुशीने त्यातून काही दिले तरच ते घ्यावे (4:4). भीतीपोटी किंवा उपकाराच्या ओझ्याखाली दिलेला होकार ही खुशी नव्हे.

तडजोडीचा पैसा मात्र वेगळा. आरोपीच्या घरून चार माणसे येतात, थोडी रक्कम पुढे ठेवतात आणि तक्रार मागे घ्या म्हणतात. कधी त्याच माणसाशी निकाह लावण्याची सूचना करतात. सुलह इस्लामला प्रिय आहे, पण जी सुलह हरामला हलाल ठरवते, ती सुलह नव्हे, असे हदीस आपल्याला शिकवते. अशा बैठकीत बसणाऱ्या पंचांनी, आणि इमामांनीही, आपण कोणाच्या बाजूने बसलो आहोत हे पाहावे.

काही जण विचारतात की, भरपाईचा मोठा हिस्सा बँकेत मुदत ठेवीत जातो, मग व्याजाचे काय? मूळ रक्कम निःसंशय तिची आहे. वर आलेल्या व्याजाविषयी विश्वासू मुफ्तींना विचारावे. पण व्याजाची शंका पुढे करून तिला मूळ हकच सोडायला लावणे, हा जुलूम आहे. शिवाय ठेवीत अडकलेला पैसा नातेवाइकांच्या हातांपासूनही सुरक्षित राहतो.

ती माता आणि मुलगी पुन्हा आल्या, त्या मुलींच्या मकतबमधील मोअल्लिमांच्या सोबतीने. या वेळी मी घटनेविषयी काही विचारले नाही. दार उघडे ठेवले. कागद एकेक करून वाचला, आज नको असेल तर उद्या बसू असे सांगितले. घाबरलेल्या मनाला रकमा आणि तारखा लक्षात राहत नाहीत, म्हणून सर्व काही वहीत लिहून दिले. शेवटी तिला एवढेच विचारले की, तुझी इच्छा काय आहे? बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, पासबुक माझ्याजवळ राहील आणि मला 17 नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसायचे आहे. मातेने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, आपा, तिने सांगितले ना, तसेच होऊ द्या.

कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा देणाऱ्या अल्लाहने (2:282) पीडिताची फिर्यादही ऐकली आहे. ज्याच्यावर जुलूम झाला, त्याने तो उघड बोलून दाखवणे त्याला अप्रिय नाही (4:148). म्हणून तिला बोलायचे असेल तेव्हा ऐका, ती गप्प असेल तेव्हा तिचे मौन जपा आणि तिच्या पैशाजवळ जाताना अनाथाच्या मालाची आयत आठवा.

हे अल्लाह, ज्यांच्यावर जुलूम झाला त्यांच्या मनाला शांती दे, त्यांचा हक त्यांच्यापर्यंत पोहोचव आणि त्यांची अमानत खाण्यापासून आमचे हात आवर. आमीन.