कोरा रकाना

फ्रेंच भाषेत ‘दी’ असा एक इवलासा शब्द आहे. ‘म्हटला जाणारा’, आपल्या बोलीत ‘उर्फ’, एवढाच त्याचा अर्थ. परंतु कॅनडातील क्युबेक प्रांतात पूर्वजांचा शोध घेणाऱ्यास पहिली ठेच याच शब्दाची लागते. १६६५ साली फ्रान्सहून तेथे उतरलेल्या पलटणीतील सैनिकांना टोपणनावे असत. कुणी ‘सांसुसी’, म्हणजे निश्चिंत. कुणी ‘लाफ्लर’, म्हणजे फूल. त्यांपैकी सुमारे चारशे जण तेथेच स्थायिक झाले आणि टोपणनाव ‘दी’च्या दोरीने आडनावाला बांधले गेले. पुढे एका भावाच्या वंशाने आडनाव राखले, दुसऱ्याच्या वंशाने टोपणनाव. पोटासाठी अमेरिकेतील गिरण्यांत गेलेल्यांनी तर आडनावाचे भाषांतरच केले. फ्रेंचमधील ‘र्वा’ इंग्रजीत ‘किंग’ झाले.

तरीही वंशवेल सापडते, आणि ती सापडते धर्मगुरूंच्या नोंदवह्यांत. विवाहाची वही ठेवण्याचे कर्तव्य ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली धर्मगुरूवर सोपवले. क्युबेकमध्ये तर स्नानसंस्कार, विवाह व दफन यांच्या त्याच्या वह्या १९९३ अखेरपर्यंत शासनदरबारीही ग्राह्य होत्या. स्त्रीची नोंद लग्नानंतरच नव्हे, तर दफनाच्या दिवशीही माहेरच्या आडनावाने होई. (आपल्याकडे वरातीबरोबर मुलीचे आडनाव जाते, क्वचित नावही.) म्हणून तेथे आजीच्या आजीचाही माग लागतो. याच वह्यांवरून फादर सिप्रियँ तांगे यांनी १८७१ ते १८९० या काळात सात खंडांचा वंशकोश प्रसिद्ध केला. १६४० साली क्युबेकचे चर्च जळाले, तेव्हा गेलेल्या नोंदी स्मरणातून पुन्हा लिहिल्या गेल्या. स्मरणातून! आम्हांस कालच्या विवाहाचे साक्षीदार आज आठवत नाहीत.

परंतु या वह्यांत एक ओळ अशी येते की तिच्यापाशी वाट संपते: ‘मातापिता अज्ञात’. लहानशा गावात आई खरोखर अज्ञात असे काय? पुष्कळदा धर्मगुरूसही ती ठाऊक असे. मग तो असत्य लिहीत होता काय? संत ऑगस्टीनना कोणत्याही सद्हेतूसाठी खोटे बोलणे मान्य नव्हते. संत थॉमसनाही नव्हते. मात्र सत्य विवेकाने झाकून ठेवणे त्यांनी उचित मानले. आम्हांस वाटते, झाकणे वेगळे आणि ‘अज्ञात’ असे लिहिणे वेगळे. त्या शब्दाने आईची लाज राखली गेली असेल, पण त्याहून अधिक सोय झाली ती बापाची. आणि लेकरू? त्याला आपल्या उगमाविषयी एक खोटी ओळ वारसा म्हणून मिळाली. २०१८ साली क्युबेकच्या कायद्याने दत्तक गेलेल्यांना, जन्मदात्यांचा नकार नोंदलेला नसल्यास, त्यांची नावे कळू लागली. तो न्याय उशिराचा होय.

१९८३ च्या धर्मसंहितेचे ८७७ वे कलम या बाबतीत अधिक सावध आहे. अविवाहित आईचे नाव तिच्या मातृत्वाचा जाहीर पुरावा असल्यास अथवा तिने स्वेच्छेने मागणी केल्यास लिहावे. बापाचे नाव कागदोपत्री पुराव्याने अथवा धर्मगुरू व दोन साक्षीदारांसमोर त्याने स्वतः कबूल केल्यास. एरवी ते लिहूच नये. कोरा रकाना खोटे बोलत नाही.

हे आम्ही शिकलो आणि पाळलेही. मागील धर्मग्रामात एक मुलगी तान्हे बाळ घेऊन कचेरीत आली. तिने स्वतःचे नाव लिहावयास सांगितले, बापाचे नाव हळूच आमच्या कानी घातले आणि म्हणाली, “फादर, हे फक्त तुमच्यापाशी.” तो स्वतः आलाच नाही. आम्ही रकाना कोरा ठेवला. त्यानंतर आमची बदली झाली. वही तेथेच आहे, नाव आमच्याबरोबर आले आहे. बाळ आता शाळेत जाऊ लागले असेल. उद्या ते मोठे होऊन त्या कचेरीच्या दारात उभे राहील, तेव्हा वही उघडणारे धर्मगुरू कोणी दुसरे असतील. आणि त्याने शोधत आमच्यापर्यंत येऊन विचारलेच, तर त्याच्या आईला दिलेला शब्द आम्ही मोडावा की पाळावा, हे आम्ही अद्याप ठरवू शकलेलो नाही.