कोरडी प्रार्थना

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं सायंकाळीं माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. पदवी घेऊन त्याला सातआठ वर्षें झालीं होतीं. आतां नोकरी आहे, संसार आहे, घरीं वर्षाच्या आंतलें मूल आहे. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर तो थोडा अडखळत म्हणाला, "सर, तुम्हांला एक विचारावयाचें होतें. लहानपणापासून मी रोज पहाटे बायबलांतला एक अध्याय वाचून प्रार्थना करीत आलों आहें. पण गेलें वर्षभर त्यांत माझें मन मुळींच नसतें. ओठ हलतात, आंत कांहीं हलत नाहीं. त्यांतच मूल उठतें आणि तेंहि अर्धवट राहतें. मनांत नसतां प्रार्थना करणें म्हणजे ढोंग नव्हे काय? त्यापेक्षां ती सोडून देणें अधिक प्रामाणिकपणाचें नाहीं का?"

मीं त्याला त्या वेळीं जें उत्तर दिलें तें माझें मलाच पुरेसें वाटलें नाहीं. तो गेल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं, हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाहीं, आणि केवळ ख्रिस्ती घरांतलाहि नाहीं. जेथें वडील माणसें अजून संध्या करितात, जेथें तिन्हीसांजेला देवापाशीं दिवा लागतो, ज्या घरची पंढरीची वारी चुकत नाहीं, तेथेंहि तरुण मंडळी हाच प्रश्न, कधीं उघड तर कधीं मनांतल्या मनांत, विचारीत असतात. मी स्वतः ख्रिस्ती घरांत वाढलों. तेव्हां त्या वाटेवरचें जें मला ठाऊक आहे त्याच्याच आधारें येथें विचार करणार आहें. दुसऱ्याच्या देवघराविषयीं बोलण्याचा अधिकार मला नाहीं. पण वाचकांस आपापल्या घरचें कांहीं त्यांत ओळखूं आल्यास मला आश्चर्य वाटणार नाहीं.

प्रथम ढोंग कशाला म्हणावयाचें तें पाहूं. हा शब्द आपण फार सैलपणें वापरतों. नव्या करारांत येशूनें ज्यांना ढोंगी म्हटलें त्यांच्यासाठीं मूळ ग्रीक ग्रंथांत जो शब्द आहे, त्याचा अर्थ नट असा होतो. मुखवटा चढवून रंगभूमीवर परक्याची भूमिका करणारा तो नट. मत्तयाच्या शुभवर्तमानांत, सहाव्या अध्यायीं, सभास्थानांत आणि चव्हाट्यावर उभें राहून प्रार्थना करणाऱ्यांस येशू हें नांव देतो. तें कां? त्यांचें मन कोरडें होतें म्हणून नव्हे. लोकांनीं आपणांस पाहावें अशी त्यांची इच्छा होती म्हणून. नटाला प्रेक्षक लागतो. माझा विद्यार्थी पहाटे, घरचीं माणसें निजलेलीं असतां, दार लोटून बसतो; त्याचा प्रेक्षक कोण? आपलें मन रिकामें आहे हें तो लपवीत नाहीं, तें रिकामेपणच घेऊन तो बसतो. रिकामी घागर घेऊन पाणवठ्यावर जाणाऱ्या बाईला कोणी ढोंगी म्हणत नाहीं.

त्याच शुभवर्तमानांत दोन मुलांचा एक दृष्टान्त आहे. बापानें दोघांनाहि द्राक्षमळ्यांत जाऊन काम करावयास सांगितलें. एकानें तोंडावर नकार दिला, पण मागून पस्तावून तो गेला. दुसऱ्यानें मोठ्या आदरानें होकार दिला आणि तो गेला नाहीं. बापाची इच्छा कोणीं पाळली, एवढेंच येशू विचारतो. मळ्यांत गेलेल्या मुलाचें मन त्या दिवशीं प्रसन्न होतें कीं नाहीं, याची चौकशी त्या गोष्टींत कोठेंहि नाहीं.

यावर कोणी म्हणेल, श्रद्धा म्हणजे कांहीं मळ्यांतली मजुरी नव्हे; तींत अंतःकरणाचा उमाळा हवाच. उमाळ्याची थोरवी मी नाकारीत नाहीं. प्रॉटेस्टंट पंथाच्या इतिहासांत अशा एका उमाळ्याची फार ख्याति आहे. २४ मे १७३८ रोजीं संध्याकाळीं लंडनमधील ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका लहानशा सभेंत जॉन वेस्ली जाऊन बसला होता. तेथें कोणी रोमकरांस पत्राला लूथरनें लिहिलेली प्रस्तावना वाचीत होतें. ती ऐकतां ऐकतां आपल्या अंतःकरणांत कांहीं अपूर्व ऊब भरली, असें त्यानें आपल्या रोजनिशींत नमूद केलें आहे. मेथॉडिस्ट मंडळ्यांतून हा दिवस अजूनहि आठवला जातो. परंतु त्याच रोजनिशीचीं पुढचीं पानें फारसें कोणी उलटीत नाहीं. अवघ्या सात महिन्यांनीं, ४ जानेवारी १७३९ रोजीं, तोच वेस्ली आपण ख्रिस्ती नाहीं असें निक्षून लिहितो. आपल्या ठायीं देवाविषयींचें प्रेम आणि आनंद दिसत नाहीं, असें त्याचें कारणहि देतो. तो जर माझ्या विद्यार्थ्याच्या विचाराचा असता, तर त्या दिवशीं त्यानें उपदेश थांबवावयास हवा होता. त्यानें तो थांबविला नाहीं. त्यानंतर बावन्न वर्षें तो जगला. पहाटे चारला उठत राहिला, घोड्यावरून गांवोगांव हिंडत राहिला, बंदिवानांना भेटत राहिला. मे महिन्यांतल्या त्या संध्याकाळची ऊब खरी होतीच. परंतु वेस्लीची श्रद्धा वाढली ती या पुढच्या हजारों साध्या सकाळीं.

रोमन कॅथलिक परंपरेंतला एक जाणता गुरु तर याहून स्पष्ट बोलतो. इग्नेशियस लोयोला यानें १५४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या साधनेच्या पुस्तकांत असा नियम घालून दिला आहे कीं, मन उदास आणि कोरडें असतांना पूर्वीं केलेल्या निश्चयांत कोणताहि बदल करूं नये. इतकेंच नव्हे, तर अशा वेळीं नेमलेल्या तासापेक्षां थोडें अधिकच बसावें असें तो सुचवितो. त्याचें म्हणणें व्यवहाराला धरून आहे. घाटांत धुकें उतरून वाट दिसेनाशी झाली, तर शहाणा वाटसरू नवी वाट शोधावयास निघत नाहीं; पायाखालचीच धरून हळूहळू चालतो. कोरडेपणाच्या दिवसांत घेतलेला निर्णय विवेकाचा आहे असें आपणांस वाटतें खरें, पण पुष्कळदां तो थकव्याचाच असतो.

नित्याच्या कामांतली भक्ति म्हटली म्हणजे अनेकांना सतराव्या शतकांतल्या बंधु लॉरेन्सचें नांव आठवतें. हा मूळचा लॉरेन प्रांतांतला निकोला एर्मां. तारुण्यांत तो शिपाईगिरी करीत होता; पुढें पॅरिस येथें कार्मेल संघाच्या मठांत सेवक-बंधु म्हणून राहिला. त्याच्याकडे मठाच्या मुदपाकखान्याचें काम आलें, आणि त्या कामाची त्याला मनापासून नावड होती. तरीहि कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ यांत आपल्याला भेद वाटत नाहीं, भांड्यांच्या खणखणाटांतहि देवाचें सान्निध्य तितकेंच लाभतें, असें तो पुढें सांगूं लागला. तो १६९१ सालीं वारला. त्याचीं पत्रें व संभाषणें त्याच्यामागें प्रसिद्ध झालीं आणि तीं आजहि वाचलीं जातात. मात्र वाचणारे त्याची स्वयंपाकघरांतली शांति तेवढी उचलतात. पहिलीं सुमारें दहा वर्षें आपण फार यातनेंत काढलीं, देव आपल्याला विन्मुख आहे असेंच त्या काळांत वाटे, हें त्यानें स्वतःच सांगितलें आहे. म्हणजे ती शांति त्याला स्वयंपाकघरांत आयती सांपडली नाहीं. न आवडणाऱ्या कामांत, उत्तर न मिळतां, दहा वर्षें टिकून राहिल्यावर ती आली.

इतकें दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलें. कडक सोवळ्याच्या घरांत त्या वाढल्या होत्या. पुढें त्या पतीकडे परतल्या, तरी चूल वेगळी आणि सोवळें कायम. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला तो पांच वर्षांनीं. ही सारी हकीकत 'स्मृतिचित्रां'त त्यांनीं जितक्या मोकळेपणानें सांगितली आहे तितक्या मोकळेपणानें आपल्याकडे फार थोड्यांनीं आपलें अंतरंग उघडें केलें असेल. त्या ग्रंथांत मला सर्वांत बोलकी गोष्ट दिसते ती ही कीं, या बाईच्या धर्मजीवनाचा पुष्कळसा इतिहास पाण्याच्या भांड्याभोंवतीं, चुलीभोंवतीं आणि पंक्तीभोंवतीं घडतो. कोणाच्या हातचें पाणी प्यावयाचें, कोणाचें मूल मांडीवर घ्यावयाचें, हेच तेथले तत्त्वज्ञानाचे प्रश्न. दुष्काळांत पोरकीं झालेलीं मुलें त्यांच्या घरांत आलीं, तेव्हां तीं कोणत्या जातीचीं हें पाहण्याचे दिवस त्यांच्यापुरते संपले होते. एखादा विचार मनाला एका क्षणांत पटतो. पण हातांना तो पटावयास बरेच दिवस लागतात, आणि हातांना पटेपर्यंत तो आपला झाला असें म्हणतां येत नाहीं.

येथवर मीं नेमाची बाजू घेतली. आतां दुसरी बाजू न मांडणें अप्रामाणिकपणाचें होईल; कारण नेमहि ढोंगाचा होऊं शकतो, आणि हें मी पुस्तकांतून शिकलों नाहीं.

आमचे वडील वारल्यानंतर गांवच्या घराच्या वांटणीवरून माझें व माझ्या थोरल्या भावाचें बिनसलें. दोन खोल्यांचा प्रश्न होता. त्यानंतर सात वर्षें आम्ही एकमेकांशीं बोललों नाहीं. या सात वर्षांत माझी सकाळची प्रार्थना एकदांहि चुकली नाहीं. ती कोरडीहि नव्हती. कित्येकदां माझे डोळे भरून येत, आणि आपल्यावर झालेला अन्याय आपण किती शांतपणें देवाच्या पायांशीं ठेवीत आहों, याचें मला समाधान वाटे. आज मागें वळून पाहतां मला दिसतें कीं, ढोंग होतें तें हेंच. प्रेक्षक खोलींतच होता. तो मीच होतों. माझ्या विद्यार्थ्याच्या कोरड्या ओठांहून माझे ओले डोळे देवापासून अधिक दूर होते.

मत्तयाच्या पांचव्या अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, वेदीपाशीं अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनांत आपल्याविषयीं कांहीं आहे असें आठवलें, तर अर्पण तेथेंच ठेवून आधीं भावाशीं समेट करावयास जावें. वाचनाच्या क्रमांत हा अध्याय या सात वर्षांत माझ्यापुढें अनेकदां आला असला पाहिजे, आणि दर वेळीं मी तो ओलांडून पुढें गेलों असलों पाहिजे. मग एक दिवस असा आला कीं मन अगदीं रुक्ष होतें, रात्रीं झोंप नीट झालेली नव्हती, केवळ संवयीनें पुस्तक उघडलें. आणि त्या ओळीच्या पुढें मला जातां येईना. डोळ्यांत पाणी आलें नाहीं. फक्त पुढें वाचणें अशक्य झालें.

त्याच आठवड्यांत मी एस. टी.नें गांवीं गेलों. नाटकांत होतें तसें कांहीं झालें नाहीं. दादा ओसरीवर बसला होता; त्यानें मला पाहून चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. वहिनींनीं पाणी आणून दिलें. त्या दोन खोल्या त्यालाच असूं द्याव्यात, हें मीं सांगितलें. तो बराच वेळ गप्प बसला व मग म्हणाला, "उशीर झालाय, आतां जेवूनच जा." परततांना मला कांहीं फार आनंद झाला होता असें नाहीं; खोल्या गेल्याची रुखरुखहि थोडी होतीच. परंतु दुसऱ्या दिवशीं प्रार्थनेला बसलों तेव्हां खोलींत प्रेक्षक नव्हता.

या अनुभवांतून मला दोन गोष्टी समजल्या. एक, प्रार्थना खरी कीं खोटी हें प्रार्थनेच्या वेळीं कळत नाहीं; दिवसाच्या उरलेल्या तासांत, आपल्याशीं ज्यांचा संबंध येतो त्या माणसांवरून तें कळतें. जो नेम आपल्याला भावाच्या दारीं जाण्यापासून वांचवितो, तो कितीहि भावपूर्ण असो, मोडावयासच हवा. शुभवर्तमान स्वतःच तसें सांगतें. दुसरी, त्या दारीं मला पाठविलें तें त्या रुक्ष संवयीनेंच. मन लागत नाहीं म्हणून मीं त्या सकाळीं पुस्तक उघडलें नसतें, तर ती ओळ मला भेटलीच नसती. नेम हा मालक नव्हे, पण तो दार उघडें ठेवणारा चाकर आहे. घरांत कोण केव्हां येईल हें चाकराच्या हातीं नसतें.

विद्यार्थ्याला मीं मागाहून पत्र लिहिलें. त्यांत लिहिलें तें थोडक्यांत असें: प्रार्थना सोडूं नकोस, पण तिच्याकडून गोडीची अपेक्षाहि ठेवूं नकोस. मूल उठलें तर ऊठ आणि त्याला घे. तूं प्रार्थना अर्धवट सोडून मुलाकडे जातोस असें तुला वाटतें. ती तेथें पुरी होत नसेल कशावरून? आणि कधीं मन हेलावलेंच, तर आपण कोणाशीं बोलणें टाकलें आहे तें आधीं पाहा.

मार्काच्या शुभवर्तमानांत चौथ्या अध्यायीं एक लहानसा दृष्टान्त आहे. माणूस जमिनींत बीं टाकतो, रात्रीं निजतो, दिवसा उठतो. बीं रुजतें, वाढतें, आणि तें कसें, हें त्याला कळत नाहीं. आपल्याकडच्या शेतकऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाहीं. पेरलेलें उगवलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तो रोज माती उकरीत नाहीं. तो तण काढतो, पाणी देतो आणि वेळ झाली म्हणजे निजतो. आपली श्रद्धा वाढते आहे कीं नाहीं, हें रोज आंत डोकावून पाहण्याचा हव्यास आपणहि सोडावयास हवा. वाढ झालीच असेल तर ती आपल्याआधीं आपल्या घरच्या माणसांना दिसेल, आणि त्यांनीं ती आपल्याला सांगितलीच पाहिजे असेंहि नाहीं.