वस्त्र, स्वच्छता आणि स्वाभिमान

आपल्या कुटुंबांतून एक प्रश्न नेहमी विचारला जातो. "आपण धम्म स्वीकारला तो मन शुद्ध करण्यासाठी. मग कपडे कसे आहेत, केस विंचरले आहेत की नाहीत, याला एवढे महत्त्व कशाला? तथागतांनी तर राजवस्त्रे टाकून चिंध्यांचे चीवर पांघरले!" असे विचारणारा बहुधा तरुण असतो आणि त्याच्या सदऱ्याची दोन बटणे तुटलेली असतात. तर एखादी भगिनी विचारते, "पोटाला पुरत नाही तिथे टापटीप कुठून आणायची? ती पैसेवाल्यांची गोष्ट." दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. चार उपदेशाचे शब्द ऐकवून त्यांची बोळवण करणे बरे नव्हे. त्यांचा विचार मुळापासून केला पाहिजे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या पूर्वजांच्या अंगावरचे मळके व फाटके वस्त्र हा केवळ दारिद्र्याचा परिणाम नव्हता. तो हुकूम होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी काय ल्यावे हे ठरवून दिलेले आहे. त्यांचे वस्त्र म्हणजे प्रेतावरचे कापड, त्यांचे भांडे फुटके आणि त्यांचा दागिना लोखंडाचा. माणसाला दुरून पाहताच त्याची पायरी कळावी, एवढ्यासाठी ही व्यवस्था होती. ती केवळ पोथीत राहिली असेही नाही. त्रावणकोर संस्थानात नाडर स्त्रियांना छाती झाकण्याच्या साध्या अधिकारासाठी अनेक वर्षे झगडावे लागले, आणि १८५९ साली राजाज्ञा निघाली तेव्हाही उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र पांघरण्याची मोकळीक त्यांना मिळाली नाही. इंदूर भागातील बलाई समाजाला सवर्णांनी जे नियम घालून दिले, त्यांचा उल्लेख पूज्य बाबासाहेबांनी १९३६ च्या आपल्या 'जातिभेद निर्मूलन' या ग्रंथात केला आहे. बलाई पुरुषांनी जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये. त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, असे ते नियम होते.

आता महाडकडे पाहा. १९२७ च्या डिसेंबरात, ज्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. त्यांनी सांगितले की, तुमच्या लुगडे नेसण्याच्या तऱ्हेवरून आणि गळ्यात व कोपरापर्यंत हातांत घातलेल्या जड दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते. ही ओळख टाकून द्या. लुगडे फाटके असले तरी चालेल, पण ते स्वच्छ असू द्या. आणि भगिनींनी ते ऐकले. परिषदेहून परतताना कित्येकींची नेसण्याची तऱ्हा बदललेली होती.

इथे विचार करणाऱ्याला एक विसंगती दिसेल. बलाई स्त्रियांना चांदी घालू नका म्हणून धमकावले, तो अन्याय झाला असे आपण म्हणतो. महाडला बाबासाहेबांनीही अंगावरचे जड दागिने उतरवा असेच सांगितले. मग फरक काय? फरक चांदीत नाही, ठरवणाऱ्यात आहे. एका ठिकाणी दुसऱ्याने आपली पायरी दाखवून दिली. दुसऱ्या ठिकाणी आपण ती पायरी नाकारली. दागिना घालावा की घालू नये, काठ रंगीत असावा की पांढरा, हा प्रश्न गौण आहे. माझ्या अंगावरचे वस्त्र मी निवडले आहे, की माझ्या हीनपणाची खूण म्हणून कोणी ते माझ्यावर लादले आहे, हा खरा प्रश्न आहे.

याच कसोटीवर चीवराचा प्रश्नही सुटतो. भिक्खू उकिरड्यावर आणि स्मशानात टाकलेले कापड वेचीत, त्याला पांसुकूल म्हणत. म्हणजे मनूने चांडाळाला जे प्रेताचे कापड नेमून दिले, तेच कापड भिक्खूही अंगावर घेत होता. पण भिक्खू ते कापड उचलून तसेच पांघरीत नव्हता. तो ते धूत असे, मापाने कापीत असे, शिवीत असे आणि रंगवीत असे. मगधातील भातखाचरांचे बांध पाहून भदंत आनंदांनी चीवराचे तुकडे जोडण्याची रीत बसवली, असे विनयपिटकात सांगितले आहे. टाकाऊ कापडाला एवढी नेटकी शिवण देणाऱ्या संघाचा दाखला गबाळेपणासाठी कसा देता येईल? तथागतांनी राजवस्त्रे टाकली हे खरे. पण त्यांच्याजवळ ती होती म्हणून त्यांनी टाकली. ज्याला धड वस्त्र कधी मिळूच दिले नाही, त्याच्या फाटकेपणाला त्याग म्हणणे ही त्याची थट्टा आहे. आणि ज्याला आज धड राहणे शक्य असूनही जो राहत नाही, त्याच्या फाटकेपणाला वैराग्य म्हणणे ही आत्मवंचना आहे.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. स्वच्छता म्हणजे सोवळे नव्हे. सोवळ्यातला माणूस आंघोळ करतो ती दुसऱ्याच्या स्पर्शाने विटाळण्यासाठी. सुंदरिक भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाने बाहुका नदीच्या स्नानाचे माहात्म्य सांगितले, तेव्हा भगवंतांनी त्याला स्पष्ट सांगितले की, नदीचे पाणी दुष्कर्म धुऊ शकत नाही. त्याच सुत्तात मळक्या कापडाचा दृष्टांत आहे. मळक्या कापडावर रंग नीट चढत नाही, तसेच मळक्या मनाचे आहे. तेव्हा पांढरेशुभ्र कपडे घालून कोणी रात्री दारू पिऊन घरी येत असेल, तर त्याच्या कपड्यांची खळ त्याच्या उपयोगी पडणार नाही. आणि आपल्या स्वच्छ कपड्यांमुळे आपल्यालाच दुसऱ्याचा विटाळ होऊ लागला, तर आपण जुन्या घरातून निघून पुन्हा त्याच घरात शिरलो असे होईल.

हे मी दुसऱ्याला सांगतो आहे असे कोणी समजू नये. हा अपराध माझ्या हातून घडला आहे. एका पौर्णिमेला विहारात वंदनेची तयारी चालली होती. सर्वांनी शुभ्र वस्त्रे परिधान केली होती. गटारसफाईचे काम करणारे आमच्या वस्तीतले एक वयस्कर काका कामावरून सरळ तिकडेच आले आणि दाराशी उभे राहिले. मी पुढे होऊन अगदी गोड शब्दांत म्हणालो, "काका, घरी जाऊन कपडे बदलून या ना." ते "बरं बाबा" म्हणाले आणि गेले. त्या दिवशी ते परत आले नाहीत. त्यानंतर कित्येक पौर्णिमा ते आले नाहीत. माझे शब्द गोड होते, पण दार कोणाचे, आत कोणी यावे आणि बाहेर कोणी राहावे, हे मी ठरवले होते. ज्यांच्यावर असे ठरवले गेले, त्यांच्याच मुलाने ते ठरवले होते.

भगवंतांनी सुनीताला असे परत धाडले नव्हते. सुनीत वाळलेली फुले झाडून टाकणारा, हीन मानलेल्या कुळातला. खांद्यावरची कावड खाली ठेवून तो वंदनेला आला, तेव्हा 'आधी स्नान करून ये' असे तथागत म्हणाले नाहीत. 'ये भिक्खू' असे म्हणाले. मी पुढे काकांच्या घरी गेलो, माफी मागितली. ते फारसे बोलले नाहीत. आम्ही विहाराच्या नळाशी एक बादली, साबणाची वडी आणि खुंटीला धुतलेला पंचा ठेवला. कामावरून येणाऱ्याने हवे तर हातपाय धुवावेत, नको तर तसेच आत येऊन बसावे. काका आता येतात. पण त्यांना ज्या दिवशी परत पाठवले, तो दिवस मला काही पुसता येत नाही.

तेव्हा नियम असा मांडता येईल. नीटनेटकेपणा ही माणूस म्हणून मान मिळण्याची अट नाही. माणूस म्हणून मान हा प्रत्येकाचा आधीचाच हक्क आहे. चिखलात उभे राहून काम करणाऱ्याचा तर दुप्पट. नीटनेटकेपणाचे माप प्रत्येकाने स्वतःला लावावे, शेजाऱ्याला लावू नये. ज्या वस्तीत दोन दिवसांआड पाणी येते, तिथल्या बाईच्या लुगड्याकडे पाहून नाक मुरडणाऱ्याने आधी तिथे नळ यावा म्हणून अर्ज करावा.

आता पैशाचा प्रश्न. 'टापटीप पैसेवाल्यांची' असे वाटते, कारण आपण टापटीप आणि झगमगाट यांची गल्लत करतो. लग्नाकार्यासाठी कर्ज काढून आणलेले भारी कपडे वर्षभर पेटीत पडून राहतात आणि हप्ते मात्र अंगावर राहतात. भगवंतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत ऋण नसण्याचे सुख एक आहे. सिगालाला त्यांनी मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक भाग उपभोगाला, दोन उद्योगाला आणि एक अडीअडचणीसाठी राखून ठेवायला. कपडालत्ता त्या पहिल्या भागातून यायचा, आणि त्याच भागातून जेवणही. म्हणजे त्यासाठी थोडेच उरणार. पण थोड्यात पुष्कळ होते.

घरात सुईदोरा आणि तुटलेल्या बटणांची एक डबी असावी. उसवलेली शिवण त्याच दिवशी घातली तर चार टाक्यांत भागते, महिनाभर राहिली तर कापडच फाटते. धुण्यापूर्वी गळपट्टी व बाह्यांच्या कडा साबण लावून थोडा वेळ ठेवाव्यात, म्हणजे बडवून कापड झिजत नाही. रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळवावेत. भाताची पेज पाण्यात कालवून सुती कपड्याला दिली की विकतच्या खळीचे काम होते. इस्त्री नसेल तर कपडा थोडा ओलसर असतानाच हाताने ताणून घडी घालावी आणि रात्री अंथरुणाखाली ठेवावी. मुलांच्या गणवेशाला खाली चांगली चार बोटे दुमड ठेवून घ्यावी, म्हणजे मूल वाढले तरी कपडा पुढच्या वर्षी चालतो. तीन भडक कपड्यांऐवजी एक साधा, टिकाऊ आणि अंगाच्या मापाचा घ्यावा. जुना पण अंगाला नीट बसणारा सदरा हा नव्या ढगळ सदऱ्यापेक्षा शोभतो, आणि शिंपी तेवढे काम थोड्या पैशांत करून देतो. चपलेचा अंगठा तुटला तर ती ओढत चालू नये, चांभाराकडे द्यावी. नखे कापायला, केस विंचरायला आणि दात घासायला तर पैशापेक्षा सवयच जास्त लागते.

कापड शेवटच्या धाग्यापर्यंत वापरण्याची शिकवणही आपल्या परंपरेतच आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला शंका आली की, एवढ्या वस्त्रांचे हे करणार काय? आनंदांनी सांगितले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना ही वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांच्या चादरी करू. जुन्या चादरींच्या गादीच्या खोळी, खोळींची बैठकीची वस्त्रे, त्यांची पायपुसणी, त्यांची धूळ झटकण्याची फडकी, आणि ती फडकी कुटून मातीत कालवून जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. लुगड्याची गोधडी आणि गोधडीचे पायपुसणे करणारी आपली आई हेच करीत आली आहे. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

एक शेवटची गोष्ट, विशेषतः पुरुषांना. पुष्कळ घरांत साहेबाचा सदरा पांढराशुभ्र असतो आणि तो धुणाऱ्या बाईचे हात साबणाने सोललेले असतात. ती सर्वांना तयार करून सर्वांत शेवटी, पदराला हात पुसत, विहारात येते आणि मागे बसते. तिच्या कष्टावर उभी असलेली आपली टापटीप हा स्वाभिमान नव्हे. समतेचा धम्म घेतलेल्या घरात ज्याने त्याने आपला सदरा आपण धुवावा, आपले बटण आपण लावावे. मुलग्यांनाही सुई धरायला शिकवावे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसे शुभ्र वस्त्रे लेऊन दीक्षाभूमीवर जमली. त्यांतले बहुतेक गरीब होते. ती वस्त्रे कोणाला दिपवण्यासाठी नव्हती आणि कोणाची मान्यता मिळवण्यासाठीही नव्हती. आमच्या अंगावर काय असावे हे यापुढे आम्ही ठरवू, एवढेच ती वस्त्रे सांगत होती. उद्या सकाळी कामाला निघण्यापूर्वी तुटलेले बटण लावताना आपण तेच पुन्हा सांगत असतो. फक्त ते लावून झाल्यावर, वाटेत ज्याचे बटण तुटलेले दिसेल, त्याच्यापासून दूर सरकू नये. त्याच्या शेजारी बसावे.