नवी आवृत्ती येत असताना

एखाद्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघणार असे जाहीर झाले, म्हणजे जुनी प्रत त्याच क्षणी हीन ठरते काय? प्रश्न वरकरणी पैशाचा दिसतो. त्याच्या मुळाशी मात्र आपण वस्तूचे मूल्य कशावरून ठरवतो, हा विचार आहे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या आधारे तो तपासावा, असे आम्हांस वाटते. नातवंडांच्या पिढीतील अनेकांना हा खेळ ठाऊक असेल. समवयस्क वाचकांस तो थोडक्यात सांगणे भाग आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. चार-सहा मंडळी मेजाभोवती बसतात. एकजण कथेचा सूत्रधार होतो. बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेऊन ते पात्र काय करते हे बोलून सांगतात, आणि यशापयशाचा निर्णय बहुधा वीस पैलूंच्या फाशावर होतो. पट नसला तरी चालते. नियमांचे ग्रंथ मात्र लागतात. खेळाडूंसाठी एक, सूत्रधारासाठी एक आणि राक्षसांच्या वर्णनाचा एक, असे तीन ग्रंथ मुख्य होत, आणि ते स्वस्त नाहीत.

या ग्रंथांची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये आली व तिसरी २००० मध्ये. तिसरीची सुधारित आवृत्ती अवघ्या तीन वर्षांत, २००३ मध्ये निघाली. चौथीची घोषणा ऑगस्ट २००७ मध्ये होऊन ती जून २००८ मध्ये आली. पाचवी २०१४ मध्ये निघाली, आणि तिचे तीन मुख्य ग्रंथ सुधारून सप्टेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात प्रसिद्ध झाले. घोषणा आणि प्रकाशन यांमधल्या महिन्यांत ग्रंथ घेऊ इच्छिणाऱ्याने काय करावे?

थांबावे, असेच कोणीही म्हणेल. आमची हयात शासकीय सेवेत गेली असल्यामुळे आमचेही मन प्रथम तिकडेच झुकते. परिपत्रक अधिक्रमित झाले, की जुन्याची जागा अभिलेखकक्षात. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात आली, तेव्हा भारतीय दंड संहितेची प्रत जुन्या प्रकरणांपुरतीच कामाची उरली. कारण कायद्याचे बळ तो करणाऱ्या सत्तेत असते. वाचकाच्या पसंतीला तेथे स्थान नाही.

खेळाचा नियम निराळा. त्याचे बळ खेळणाऱ्यांच्या संमतीत असते. आपल्याकडील जुन्या घरांत देशी बुद्धिबळ खेळत, त्यात प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे जाण्याची मुभा बहुधा नसे. विलायती पद्धत रूढ झाली म्हणून तो डाव खोटा ठरला नाही. बसण्यापूर्वी दोघांनी पद्धत ठरवली, की पुरे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा इतिहासही हेच सांगतो. चौथी आवृत्ती अनेकांना रुचली नाही, म्हणून ते तिसरीलाच धरून राहिले. तिचे मूळ नियम खुल्या परवान्याखाली उपलब्ध होते. त्यांच्या आधारे दुसऱ्या एका प्रकाशनसंस्थेने २००९ मध्ये 'पाथफाइंडर' हा स्वतंत्र खेळ काढला आणि तो उत्तम चालला. प्रकाशकाने जुनी ठरवलेली गोष्ट खेळाडूंनी जिवंत ठेवली.

म्हणून नवी आवृत्ती काढणे हा निव्वळ लोभ, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ग्रंथ एकदाच विकून लेखक-चित्रकारांचा चरितार्थ चालत नाही. या खेळाची मूळ कंपनी टीएसआर १९९७ मध्ये कर्जबाजारी अवस्थेतच विकली गेली. विक्रेत्याचे कर्तव्य एवढेच, की जे येऊ घातले आहे ते ग्राहकापासून लपवू नये. त्याने ते सांगितले, की पुढचा विवेक ग्राहकाचा.

त्या विवेकात एक नवी बाब अलीकडे आली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रकाशकाच्या संगणकीय सेवेने खेळाडूंच्या पात्रपत्रिकांतील जुने मंत्र व जादूच्या वस्तू काढून त्या जागी नव्या नियमांच्या बसविण्याचे जाहीर केले. मोठा निषेध झाल्यावर काही दिवसांतच तो बेत मागे घेण्यात आला. परंतु विकलेल्या वस्तूत विक्रेता मागाहून हात घालू शकतो, हे त्यातून दिसले. फळीवरील कागदी ग्रंथाला ते भय नाही.

तथापि आमच्या मते खरा प्रश्न ग्रंथाचा नाहीच. ग्रंथ पन्नास वर्षे टिकेल; मेजाभोवतीची मंडळी टिकणार नाहीत. कोणी शिक्षणासाठी दूर जाईल, कोणी नोकरीसाठी, कोणी संसारात गुंतेल. यंदा शनिवारी एकत्र येणारे पाचजण पुढच्या वर्षी एका गावात असतील, याची हमी कोणतीही आवृत्ती देत नाही. नव्या ग्रंथासाठी थांबणारा पैसे वाचवतो, हे खरे. पण जी वस्तू पुन्हा छापली जात नाही, तीच तो त्या मोबदल्यात खर्च करतो.

तेव्हा ज्याची मंडळी आज जमली आहे, त्याने हाती येईल तो ग्रंथ निःशंकपणे घ्यावा, मिळाल्यास जुनाच, कमी किमतीत. ज्याची मंडळी अद्याप जमायची आहे, त्याने अवश्य थांबावे. मात्र त्या अवधीत ग्रंथाची वाट पाहण्यापेक्षा माणसे जोडावीत. नियम कोठूनही मिळतात, सोबती मिळण्यास काळ लागतो.